मॅनेजरला आणखी एक वर्ष

बारावं होऊन गेलं तरी बायकोने रडावं अशी आपल्याकडे सगळ्यांची अपेक्षा असते. येणारी प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "रड गो बाय, मोकळी हो." मी मान खाली घालून बसते. त्यांना काय सांगू? मला रडू येत नाही हो, मला राग येतो. सकाळी उठले की येतो, तुमची रिकामी खुर्ची पाहिली की येतो, आणि ओटीवर आढ्याला टांगलेला तो बॉल पाहिला की तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्ही एक वाक्य बोलायचं शिल्लक ठेवून गेलात. राहून गेलं असं मी म्हणणार नाही. राहून जायला ते काही देवाला नारळ ठेवायचं काम नव्हतं. तुम्ही ते इतकी वर्षं टाळलंत, आणि शेवटी मरून सुटलात.

आपल्या तोंडवलीत क्लब क्लब म्हणून जे काही होतं ते म्हणजे तो एक बॉल, अकरा रापणकर पोरं आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही. मैदान दर्याचं. ओहोटी लागली, ओली वाळू उघडी पडली की खेळायचं आणि भरती आली की घरी जायचं. सामना कधी ठेवायचा ते तिथी बघून ठरायचं, लग्नासारखं. चामड्याचा बॉल खाऱ्या पाण्याने दगड व्हायचा, मग तो तुम्ही माझ्या पुढ्यात आणून टाकायचात आणि म्हणायचात, "अगो, तेल लाव." तुमच्या डोक्याला कधी लावलं नाही एवढं खोबरेल मी त्या बॉलला चोळलं आहे. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?

आणि मॅनेजर कोणी आणला? तुम्ही आणलात. माझा धाकटा भाऊ वशा मुंबईला गोदीत कामाला होता, तिथल्या संघातून खेळायचा. गुडघा गेला म्हणून गावी येऊन राहिला, तर तुम्ही आठ दिवस त्याच्या मागे लागलात. "वसंता, आमच्या पोरांका जरा शिकय. पाय आसत तेंका, पण डोक्या नाय." तो नको नको म्हणत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, घरच्या माणसाच्या हाताखाली काम करू नये." मी त्याला दटावलं. म्हटलं, भावोजी आहेत तुझे, वाघ नव्हेत. मग तुम्ही गावभर सांगत सुटलात, "आमचो मेवणो मॅनेजर आसा, मुंबैसून इलो." मुंबईचा मेवणा म्हणताना तुमची छाती कशी फुगायची, ते मला आजही दिसतं.

त्याने पहिल्या संध्याकाळी काय केलं, तर काठीने ओल्या वाळूत रेघा मारल्या आणि एकेका पोराला एकेका जागी उभं केलं. ही तुझी जागा, बॉल इथे आला तर तुझा, नाही आला तर उभा राहा आणि डोळे उघडे ठेव. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. जन्मापासून रापण, ते गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढलेली पोरं ती. भरली रापण दर्यातून किनाऱ्याला लागत असली की जिथे दोर खेचला जातोय तिथे गावाने धावायचं असतं, म्हातारे, बायका, सगळ्यांनी. जो जागेवर उभा राहतो त्याला मासळीचा वाटा मिळत नाही, शिव्या मिळतात. त्यामुळे बॉल दिसला की आपले अकराच्या अकरा त्याच्यावर तुटून पडायचे, गोलकीपरसकट. पाठीमागे सगळा दर्या मोकळा. वशा कपाळाला हात लावून ओरडायचा, "रे बाबांनो, बॉल म्हणजे रापण नाय!"

पहिलं वर्ष हरण्यात गेलं. पोरं जागेवर उभी राहायला शिकली होती, पण पुढे काय करायचं ते शिकली नव्हती. बॉल समोरून जायचा आणि आपले शहाणे बाळ आपापल्या जागी उभे, देवळाच्या खांबासारखे. गाव खवळलं. आणि खवळलेलं गाव बसायला कुठे यायचं, तर आपल्या ओटीवर. तांडेल बुधाजी, रापणीचा म्होरक्या, तो तर हातातली विडी विझेपर्यंत बोलायचा. "उबो रवलेल्या माणसाक आमी कदी वाटो दिलो नाय. आनी ह्यो मॅनेजर पोरांका सांगता, उबो रव! दाजीनू, ह्येका काडा."

दाजी म्हणजे तुम्ही. तुम्ही पान चघळत म्हणायचात, "बघूया."

मला ते "बघूया" ऐकूनच कळायचं की तुमचं मन फिरलं. जो माणूस घरातल्या कणगीवरच्या झाकणाबद्दलसुद्धा ठाम मत ठेवतो, तो बघूया म्हणाला की समजावं, निकाल लागलेला आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवणं सोडून दिलंत आणि उघड बोलायला लागलात. ओटीवर चार डोकी जमली की विषय एकच. कोण म्हणे मुंबईचं शहाणपण मुंबईला, कोण म्हणे पोरांचे पाय बांधून टाकले. ज्यांनी जन्मात कधी बॉलला पाय लावला नाही ते म्हणे, मी मॅनेजर असतो तर असं केलं असतं. नाचता येईना त्यांचं अंगण वाकडं असतं, पण ह्यांना नाचायचंही नव्हतं आणि अंगणही दुसऱ्याचं होतं.

मी दाराच्या आडून ऐकायची. पहिल्या पहिल्यांदा आडून. मग एके दिवशी मला राहवलं नाही, मी चहाचा तांब्या घेऊन सरळ बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गेल्या साली परसात लावलेल्या माडांक नारळ कधी धरतले?"

बुधाजी म्हणाला, "सात वर्सां तरी व्हयी, वयनी."

"सात वर्सां पाणी घालतलास ना? मगे माझ्या भावाक तीन कित्याक नाय?"

बुधाजी विडी शोधायला लागला. तुम्ही मात्र गप्प बसलात तर कसले. "माडाची पाना तरी वाडतत," तुम्ही म्हणालात. "तुझ्या भावाचा काय वाडला? आमच्यार पडलेले गोल!" आणि ओटी हसून फुटली. मी आत गेले. त्या हसण्याचा मला किती संताप आला होता म्हणून सांगू. पण खरं सांगायचं तर, त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलात आणि म्हणालात, "माडाचा बरा काडलस गो. आता सांग, बॅक जागेर रवलो आनी फॉरवर्ड फुडे गेलो, तर मधे कोण?" मी पोळपाट बाजूला ठेवला आणि तांदळाचे दाणे मांडून तुम्हाला दाखवलं, वशाने मला दाखवलं होतं तसं. ताटलीतल्या त्या दाण्यांवरून आपण भात करपेपर्यंत भांडलो. गावात दुसऱ्या कुठल्या बाईचा नवरा तिच्याशी असं भांडायला येऊन बसत होता? बाकीचे ओरडून निघून जायचे. तुम्ही बसून राहायचात, माझं उत्तर ऐकायचात आणि मग ते खोडून काढायचात. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. रागाच्या भरात हे सांगायचं विसरेन म्हणून आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तारकर्लीकरांनी आपल्याला पाच गोल घातले. पाच! त्यानंतर जी सभा भरली तिच्यात हाणामारी व्हायचीच बाकी होती. अर्धे म्हणाले काढा, अर्धे म्हणाले एक वर्ष द्या. तरणी पोरं वशाच्या बाजूची होती, त्यांना त्या जागा आता कळायला लागल्या होत्या. म्हातारे विरुद्ध. अध्यक्षांनी आपलं मत टाकावं आणि प्रश्न मिटवावा, एवढंच उरलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? म्हणालात, "देवाक इचारूया."

हा प्रकार जगात दुसऱ्या कुठल्या फुटबॉल क्लबात झाला असेल असं मला वाटत नाही. लग्न, जमिनीचा तंटा, विहीर कुठे खणायची, ह्यासाठी आपण कौल लावतो ते ठीक. पण मॅनेजरला ठेवायचं की काढायचं, हे देवाने सांगायचं? मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं, की तुम्हाला निर्णय घ्यायचा होता पण माझ्या तोंडाकडे बघून घ्यायचा नव्हता. म्हणून देवाला पुढे केलंत.

मी मंडपात बायकांच्या बाजूला उभी होते. गुरवाने देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मानकरी तुम्ही, तेव्हा गाऱ्हाणं तुम्हीच घातलंत. तुमचा तो आवाज, मंडपाच्या कौलांना लागणारा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. बॉल खेळतत, हरतत, मगे एकमेकांच्या उरार बसतत. तेंच्या मॅनेजराक आनी एक वरीस देवचा आसात तर उजवो कौल दी, काडूचो आसात तर डावो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप म्हणाला.

मी डोळे मिटले नाहीत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही डाव्या पाकळीकडे बघत होतात, तिला डोळ्यांनीच खाली ओढत होतात म्हणा ना. आणि उजवी पडली. पोरांनी आरोळी ठोकली. तुम्ही देवाला हात जोडलेत, घरी आलात आणि न जेवता झोपलात. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्यात एक काटा होता. माझ्या भावाला वर्ष मिळालं ते देवाने दिलं म्हणून, माझ्या नवऱ्याला पटलं म्हणून नाही. देवाने ऐकलं आणि घरच्याने नाही, ह्यात बाईचा काय मान राहिला?

एक गोष्ट मात्र तुमच्या पदरात टाकलीच पाहिजे. तुम्ही तो शब्द पाळलात. तिसऱ्या वर्षी पहिलाच सामना हरल्यावर बुधाजी ओटीवर येऊन तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "गप. देवाचो शबूद आसा. वरीस होयसर ह्या ओटयेर मॅनेजराचा नाव काडूचा नाय." माणसं यायची, पावसाबद्दल बोलायची, मासळीच्या भावाबद्दल बोलायची आणि उठून जायची. सामन्याला निघताना तुम्ही तोंडात भलं मोठं पान कोंबायचात, म्हणजे ओरडता येऊ नये. मनातून पटलं नव्हतं, तरी पाळत होतात. तुमच्या गालाची ती फुगलेली बाजू बघून मला हसू यायचं आणि तुमची मायाही वाटायची.

आणि त्या वर्षी पोरं खेळायला लागली हो! एकाने बॉल अडवायचा, न बघता दुसऱ्याला द्यायचा, तो तिसऱ्याला, आणि समोरचे आपले धापा टाकत बॉलामागे. पूर्वी आपण धावत होतो तसे. बुधाजीचा पांडू बॅकला उभा राहायचा, आणि उभा राहिलेला तो पांडू चार जणांना भारी पडायचा. आपण एकेक गाव मागे टाकत शेवटच्या सामन्याला पोचलो. समोर तेच तारकर्लीकर, त्यांच्याच वाळूवर.

बायका सामन्याला जात नव्हत्या. तुम्ही मला नेलंत. "भाव तुझो, तू बघूक व्हया," म्हणालात आणि होडीत पुढची जागा दिलीत. मी एका पालथ्या घातलेल्या होडीला टेकून उभी होते आणि तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर. पलीकडच्या गोलाशी बुधाजी उभा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

सामना शेवटाला आला तेव्हा एक-एक गोल होता. भरती लागली होती, पाणी बाजूच्या रेघेला चाटायला लागलं होतं, पंच सारखा पाण्याकडे बघत होता. त्यांच्यातल्या एकाने उजव्या अंगाने लांब बॉल मारला. पांडू आपल्या जागेवर उभा होता, अगदी वशाने शिकवल्यासारखा. बॉल फिरून त्याच्याकडेच येणार होता. वशाने ओठ चावून धरले होते. आणि तेवढ्यात आवाज आला, "पांडग्या, धाव! धावा रे सगळे!"

पांडू धावला. तो धावला म्हणून दुसरा धावला, मग सगळेच धावले. इतक्या वर्षांचं रक्त ते, आवाज झाला की दोराकडे. बॉल मात्र मोकळ्या झालेल्या जागेकडे गेला, आणि त्यांच्या पोराने तो चालत जाऊन गोलात ढकलला. पंचाने शिट्टी वाजवली.

तो आवाज तुमचा होता. पान वाळूत पडलेलं होतं, लाल भडक, तुमच्या पायाशी. मी तुमच्या आवाजाबरोबर इतकी वर्षं संसार केला, गाऱ्हाण्यात ऐकला, परसातून ऐकला, पलीकडच्या वाडीतून ऐकला. मला तुमचा आवाज कळणार नाही?

 घरी आल्यावर मी विचारलं, "कशाला ओरडलात?"

तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "मिया ओरडूक नाय. बुधाजी ओरडलो असात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बुधाजी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला! हरलो ते सोडा, हरणं-जिंकणं चालायचंच. पण तीन वर्षं घाम गाळून माझ्या भावाने जे उभं केलं ते तुमच्या एका बोंबेने आडवं झालं, आणि तुम्ही पाय धूत बसलात. दुसऱ्या दिवशी ओटीवर तीच माणसं जमली. वर्ष संपलं होतं, देवाचा शब्द संपला होता, जिभा सुटल्या होत्या. "बघलास ना? शेवटाक हरलेच," असं म्हणत होते. आणि तुम्ही अध्यक्ष, तुम्ही ते ऐकून घेत होतात.

वशा संध्याकाळी आला. तो बसला नाही. खांबाला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजीनू, परत कौल लावू नकात. देवाक दर वर्सा ह्याच कामाक कित्याक लावचा? तुमी सांगा. तुमच्या तोंडान रव म्हणालात तर रवतंय."

त्याने तुमच्या बोंबेचं नावही काढलं नाही. मी दारात उभी होते. सगळी ओटी तुमच्याकडे बघत होती. एवढंच म्हणायचं होतं, "रव. काल चूक माझी झाली." एक श्वास लागतो त्याला. तुम्ही वर आढ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "क्लबाचा बघूक व्हया."

क्लबाचं बघायला हवं! मग माझ्या भावाचं कोण बघणार होतं?

तो मुंबईला गेला. त्याच्या ट्रंकेला तुम्ही स्वतः खांदा दिलात आणि गाडीपर्यंत गेलात, हेही खरं. पुढे दर वर्षी मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर त्याला पहिले नारळ धाडलेत, आंब्याची पेटी धाडलीत. माझं माहेर तुटू दिलं नाहीत. माहेरी जायला मला कधी परवानगी मागावी लागली नाही. हे सगळं केलंत, फक्त ते वाक्य केलं नाहीत. आणि गंमत बघा, तो गेल्यावर वर्षभरात गाव म्हणायला लागलं, "वसंता असतो तर!" मॅनेजर गेला की शहाणा होतो, हे मी तेव्हा शिकले. पोरं पुन्हा बॉलामागे धावायला लागली होती. कधी जिंकायची, बऱ्याचदा हरायची. तेव्हा कोणी म्हणालं नाही की अध्यक्ष काढा.

त्यानंतर आपण किती वेळा ह्यावरून भांडलो! सणाला भांडलो, पेजेच्या वेळी भांडलो, एकदा तर दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या भांडलो. मी म्हणायची, ओरडलात. तुम्ही म्हणायचात, ओरडूक नाय. मी म्हणायची, पान पडलं होतं. तुम्ही म्हणायचात, पान कोणाचाव पडता. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी तुमचे पाय चेपत होते. आता तरी सांगतील असं वाटलं. हळूच म्हटलं, "आता कोण नाही इथे. सांगा, ओरडला होतात ना?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मिया ओरडूक नाय." आणि हसलात. ते हसू कशाचं होतं? मला त्याचं उत्तर द्यायला तुम्ही थांबला नाहीत.

परवा देवळाच्या मंडपात क्लबाने तुमची शोकसभा घेतली. वशा आला होता, मुंबईची नोकरी आता संपली आहे त्याची, केस पांढरे झालेत. क्लबाचे नवे सेक्रेटरी उभे राहिले आणि शुद्ध भाषेत बोलायला लागले, कचेरीत बोलतात तसे. म्हणाले, "दाजींची दृष्टी फार लांबची होती. आपल्या पहिल्या मॅनेजरांच्या पाठीशी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत खंबीरपणे उभे राहिले." लोकांनी माना डोलावल्या. बुधाजीसुद्धा! ज्याने सात जन्म पुरेल एवढं "काडा, काडा" केलं, तो डोळे पुसत होता. मला वाटलं उठावं आणि ओरडावं, की अहो, तुम्ही कोणाला पोचवून आलात? माझा नवरा ह्या पद्धतीच्या विरुद्ध होता, मनापासून विरुद्ध होता, त्यासाठी भांडला, उपाशी झोपला. मेल्यावर त्याला असा मऊ करून टाकता? त्याची चूकसुद्धा त्याच्याकडे राहू देत नाही?

मग मी वशाकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता. म्हातारा होत आलेला माणूस, पण कोणीतरी पहिल्यांदा शाबासकी दिल्यासारखा.

सभा झाल्यावर लोकांनी त्याला गराडा घातला. पुन्हा मॅनेजर व्हा म्हणाले. तो म्हणाला, बघतो. घरी येताना पायवाटेवर त्याने मला थांबवलं. "बाय, ते सांगत होते ता खरा? भावोजी माझ्या बाजूचे होते? तुझ्याकडे कदी काय बोलले?"

बघा, कुठे आणून उभं केलंत मला. "होय" म्हटलं असतं तर माझा भाऊ सुखाने निजला असता. तोंडात आलं होतं. पण मला तुमच्याबद्दल खोटं बोलता येईना. तुमच्याशी मी आयुष्यभर खरं भांडले, आता खोटं कसं बोलू?

म्हटलं, "नाय रे वशा. शेवटपर्यंत तुझ्या विरुद्ध होते. पोरांका खांब केल्यान म्हणायचे. आणि त्या दिवशी ते ओरडले, तेही कधी कबूल केलं नाही."

तो वाटेकडेच्या दगडी गडग्यावर बसला. मला वाटलं, मी त्याला मोडून टाकलं. तर तो रडायला लागला. तुम्ही गेल्याची तार मिळाली तेव्हा रडला नव्हता, बाराव्याला रडला नव्हता, आणि आता लहान पोरासारखा हुंदके देत म्हणतो, "होच माझो भावोजी. मघाशी ते कोणा दुसऱ्याचाच सांगत होते गो. माका वाटला, मी ओळखीत होतंय तो माणूस खंय गेलो?" डोळे पुसून मग म्हणाला, "तेंचोच आवाज तो. माका तेवाच कळलेलो. पण बाय, जेका जिंकाचा आसता तोच इतक्या जोरान ओरडता."

त्याने तुम्हाला सोडून दिलं. एका वाक्यात मोकळं केलं. तो देवमाणूस आहे. मी नाही.

काल तो मॅनेजर झाला. आज ओहोटीला काठी घेऊन वाळूत रेघा मारत होता, नवी पोरं तशीच तोंडाकडे बघत होती. आणि घरी येते तर ओटीवर बुधाजी बसलेला, विडी ओढत. म्हणतो, "बघूया, वयनी. दोन म्हयने बघूया. जमला नाय तर काडूक व्हयो." पोरं अजून जागेवर उभी राहिली नाहीत तोवर काढायची भाषा! मी त्याला जे सुनवायचं ते सुनवलं. तो मान खाली घालून ऐकून घेत राहिला. विधवेला कोण उलटून बोलणार? सगळेच आता माझं ऐकून घेतात. मी काहीही म्हटलं तरी "व्हय वयनी" म्हणतात. भांडायला तोंड म्हणून कोणाला राहिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. वशा बरोबर होता. त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता. तुम्ही चुकलात. सामना तुमच्यामुळे गेला, त्या दिवशी तुम्हीच ओरडलात, मी माझ्या कानांनी ऐकलं.

नाही म्हणा आता. म्हणा ना. एकदा तरी म्हणा हो, मिया ओरडूक नाय.